टिब्सची सहाशे बारा कार्डं

१४ एप्रिल १९९१, रविवार

आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही.

संकल्प पहिला: डोकं शांत. गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीची तंगडी लोरेनच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे वेंडेलच्या, कानशिलावर बसली. (तंगडी गार झालेली होती.) त्या रात्री भांडी विसळता विसळता लोरेन म्हणाली, व्हर्नन, आता एकदा जरी कुणाला मारलंस तर मी ओमाहाला बहिणीकडे जाईन, आणि मग तिथे येऊन दार वाजवायचं नाही. आवाज चढवला नाही. बावीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की लोरेन आवाज न चढवता बोलते तेव्हा ती गंमत करत नसते.

तेव्हा रोज रात्री इथे आकडा लिहायचा. मुद्दाम, रागाने, ठरवून मारलं तरच मारामारी. निसटलं, घसरलं, कुणी मध्ये आलं, तर तो अपघात. अपघात मोजत नाहीत.

संकल्प दुसरा: डॅलस टिब्स. वय वीस, डावखुरा, आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा, बार्लो मिलर्सचा, नवा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पहिल्या दोन सामन्यांत अकरा बॅटर बाद, वॉक फक्त एक. अकरा भागिले एक, उत्तर अकरा. याला मी हप गुणांक असं नाव दिलंय. शोध माझा, आडनाव माझं.

मोठ्या लीगमधल्या नावाजलेल्यांचासुद्धा हा आकडा चारच्या वर जात नाही. टिब्स चार वर्षांत मोठ्या लीगमध्ये. त्याच्या फोटोची आजची कार्डं, लोक जमवतात ती, तेव्हा सोन्याची. कार्डं विकायची आणि मिनेसोटात तळ्याकाठी घर घ्यायचं. लोरेनला असं घर लग्नापासून हवंय. हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय.

आजची मारामारी: शून्य.

२७ एप्रिल

एकोणीस वर्षं मी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसतोय. मक्याचा ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो, वजाबाकी करायची. ड्रायव्हर काय सांगतो ते ऐकायचं नसतं. हीच गोष्ट वेंडेलच्या डोक्यात शिरत नाही. तो आमच्याच संघातल्या दुसऱ्या पिचरची, लाइल ऑस्ट्रँडरची, कार्डं जमवतो. का, तर ऑस्ट्रँडर भला माणूस आहे, मैदानाबाहेर भेटला की नमस्कार करतो!

त्याला आज परत समजावलं. पिचरने बॅटरला तीन चेंडूंवर चकवलं की बॅटर बाद. चार चेंडू भलतीकडे टाकले की बॅटर चालत चालत फुकट पहिल्या बेसवर, याला वॉक म्हणतात. बाद किती, वॉक किती, भाग दे, झालं. ऑस्ट्रँडरचा गुणांक दोन. नमस्कार गुणांकात धरत नाहीत.

वेंडेल म्हणाला, मग चेंडू बॅटरच्या बरगडीत बसला तर तो कुठे धरतोस? मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

दुपारी क्लेमच्या दुकानात. ऑर्व्हिल क्लेम कार्डं विकतो, पण बेसबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. म्हणाला, टिब्सची ने रे बाबा सगळी, उगाच जागा अडते. पोरगं रानटी आहे, कुणाचा तरी जीव घेईल. माझ्या पायाने काचेच्या कपाटाला किंचित स्पर्श केला. काच बहुधा आधीच तडकलेली असणार. क्लेमने कशाला आत हात घातला कोण जाणे. चार टाके.

आजची मारामारी: शून्य.

१२ मे, मदर्स डे

लोरेनला सामन्याला नेलं. तिची भेटवस्तू.

लोरेन प्रत्येक सामन्याची वही मांडीवर घेऊन बसते. तिच्या वडिलांनी शिकवलेलं. एकेक चेंडू पेन्सिलीने टिपायचा, चौकोनात चौकोन, खुणेत खूण. मी म्हणतो, बाई, उद्याच्या पेपरात सगळं छापून येतं. ती म्हणते, पेपरवाला माझ्या शेजारी बसलेला नसतो.

टिब्स काय फेकत होता! एक बॅटर खांद्याला हात लावून खाली बसला, दुसरा गुडघा धरून. दोघंही मध्ये आले. चेंडूच्या वाटेत कुणी उभं राहतं का? आमच्या पिचरने तुमचा माणूस लोळवला की तुमच्या पिचरने आमचा लोळवायचा, हा इथला जुना रिवाज. तो त्यांनी पाळला, आमच्या बिचाऱ्या पहिल्या बेसवाल्याच्या पाठीवर. मग दोन्ही संघांची बाकं रिकामी, सगळे मैदानात. गुद्दे, लाथा, कुणाचा तरी दात गवतात. पोलीस. अंपायरच्या सदऱ्याची बाही फाटलेली. इतकं सुंदर दृश्य मी या गावात पाहिलं नव्हतं.

त्या उत्साहात माझा थर्मास निसटला. पाहुण्या संघाची टोपी घातलेला एक टकला तीन रांगा पुढे बसला होता. टोपी त्याने नेमकी त्याच वेळी का काढावी? दैव.

लोरेन वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहीत होती. बहुधा किराण्याची यादी.

आजची मारामारी: शून्य.

१३ मे

पेपर आला. टिब्स: बाद सात, वॉक शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणजे कालचा गुणांक अनंत. कात्रण कापून चिकटवलं.

सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत नेहमी कायकाय लिहिलेलं असतं. प्रेक्षक किती, सामना किती वेळ चालला, अंपायरांची नावं. फालतू. डॉक्टरने वाचायचा चष्मा दिलाय, तो गाडीच्या कप्प्यात आहे. तिथेच बरा आहे.

९ जून

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार. कोपऱ्यातल्या टेबलावर टिब्सच्या कार्डांचा अख्खा खोका. एका बाजूने मी धरला, दुसऱ्या बाजूने सीडर रॅपिड्सच्या एका लठ्ठ माणसाने. तो म्हणाला, मला टिब्स नकोय हो, खोका रिकामा करून हवाय. असले डाव मी ओळखतो. त्याच्यावर हात उचलला नाही. दोन्ही हात खोक्यात गुंतलेले होते. दात मोकळे होते.

लोकांनी मला बाहेर नेलं. खोका माझ्याकडेच राहिला. एकशे नव्वद कार्डं!

संकल्पाची खरी परीक्षा अशाच वेळी होते. मी तडकाफडकी निघून आलो, माघारी वळून शिवीसुद्धा दिली नाही. (दिली. एक.)

आजची मारामारी: शून्य.

१८ जून

ट्रकवाल्याला ताडपत्रीचा हुक लागला. तो म्हणतो मी फेकला. हुक जड होता, मी तो त्याच्याकडे पोचवत होतो. मॅनेजरने दोन दिवस घरी बसवलं. बरंच झालं, गुणांक ताजे करता आले. टिब्स साडेनऊ. ऑस्ट्रँडर दोन. नाचता येईना अंगण वाकडं.

आजची मारामारी: शून्य.

४ जुलै

वेंडेलच्या अंगणात सॉसेज, बटाट्याचं सॅलड, मग खुंटीवर घोड्याचे नाल फेकायचा खेळ. खेळता खेळता वेंडेल म्हणाला, व्हर्नन, तुझ्या टिब्सने डॅव्हनपोर्टच्या बॅटरचं मनगट मोडलं, वाचलंस का? मी म्हटलं, वॉक किती? तो म्हणाला, वॉक एकही नाही. मी म्हटलं, मग! तो म्हणाला, अरे चौथा वाईट चेंडू टाकायच्या आधीच तिसरा बॅटरच्या अंगावर बसतो, वॉक कुठून येणार?

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण तेवढ्यात माझा नाल सुटला. खुंटीपासून सहा फूट डावीकडे वेंडेलची नडगी होती. लोरेनने बर्फ आणला. येताना गाडी तिनेच चालवली.

आजची मारामारी: शून्य. अपघात झाला म्हणून संकल्प मोडला असं होत नाही.

२८ जुलै, संध्याकाळ

आज टिब्सला दुसऱ्याच डावात बाहेर काढलं. तिघांना चेंडू बसले म्हणे. हा संघाचा मॅनेजर गाढव आहे. रेडिओ ऐकत जेवत होतो. प्लेट हातातून गेली, भिंतीकडे. लोरेन मक्याचं भांडं घेऊन आली आणि नेमकी मध्ये आली. कोपराला लागलं थोडं. मी सॉरी म्हटलं, दोनदा. ती म्हणाली, ठीक आहे. म्हणजे ठीकच असणार. मक्याचे दाणे सगळ्या जमिनीवर, ते मीच गोळा केले.

प्लेट जुनी होती. नवीन घरात नवीन प्लेटा घेऊ.

आजची मारामारी: शून्य.

१० ऑगस्ट

क्लेमकडे उरलेली टिब्सची सगळी कार्डं घेतली. बदल्यात बोटीची मोटर दिली. क्लेमने अंगठ्यावरचा टाक्यांचा व्रण चोळत विचारलं, नक्की ना रे? मी म्हटलं, तळ्याकाठी घर होईल तेव्हा नवी घेईन, तुला फिरवीन. तो हसला. हसू दे. आता एकूण सहाशे बारा.

वेंडेलला हल्ली नळजोडणीची कामं नाहीत. म्हणून शनिवारी सामन्याला तो संघाचा शुभंकर, मिलर बाबा, होतो. पिठाच्या पोत्यासारखा भला मोठा सोंगाचा अंगरखा, वर कापसाचं डोकं, मुलांना मिठ्या मारत फिरायचं. एक्केचाळीस वर्षांचा घोडा. मी त्याला म्हटलं, तू जन्मभर तेच केलंस, आता पगार मिळतो एवढंच.

लोरेन हल्ली लोणच्याची बरणी उघडायलाही मला हाक मारते. जड पातेलं मी उचलायचं. आळस वाढलाय तिचा. मी काही बोललो नाही. शांत माणूस असाच असतो.

आजची मारामारी: शून्य. एप्रिलपासून सगळी शून्यं. लोरेनला एकदा ही वही दाखवावी का? नको, तिला तिची वही पुरे.

३१ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ७

मोसमाचा शेवटचा आठवडा. आज प्रेक्षकांचा आभार दिवस! सामन्याआधी सोडतीत नाव निघेल त्याला बॅट घेऊन उभं राहायचं, आमच्या पिचरचा एक चेंडू खेळायचा. मी माझ्या नावाच्या चाळीस चिठ्ठ्या टाकल्यात. निघणार माझंच. आणि पिचर टिब्सच असू दे, देवा. चेंडू कुठे टाकायचा ते ज्याला कळतं, त्याच्या समोर उभं राहण्यात सुख आहे. लोरेनला म्हटलं, आज वहीत माझंही नाव येईल. ती म्हणाली, आहेच.

गुणांक आज बरोबर नऊ. बाहत्तर बाद, आठ वॉक.

२ सप्टेंबर, सोमवार, इस्पितळ

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन बोटं बांधलीत. जबडा तारांनी बांधलाय.

झालं ते क्रमाने लिहितो.

चिठ्ठी माझीच निघाली. पिचर टिब्सच. पिचरांना बजावलं होतं की लोकांना हळू टाका. मी बॅट घेऊन उभा राहिलो आणि ओरडलो, आजीबाईसारखा टाकू नकोस रे! खरा टाक! तुझी सहाशे बारा कार्डं माझ्या तळघरात आहेत!

टिब्स चार पावलं पुढे आला. जवळून बघितला तर दाढी अजून नीट आलेली नाही. म्हणाला, साहेब, जरा मागे सरून उभे राहा. माझा चेंडू कुठे जातो ते माझं मलाच कळत नाही, देवाशपथ. मला वाटलं विनय. मोठ्या माणसांना विनय असतोच. मी उलट जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या, होम प्लेटच्या, आणखी जवळ सरकलो.

त्यानंतरचा आवाज मला आठवतो. ओल्या फळीवर हातोडा बसतो तसा. तो माझाच जबडा होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

चेंडू लागला की बॅटरने निमूट पहिल्या बेसवर जायचं असतं. मी टिब्सकडे धावलो. हे मी ठरवलं नव्हतं, पाय धावले. बॅट हातातच राहिली होती. टिब्स हातमोजा टाकून पळाला, चांगला पळतो. कुणीतरी मला मागून मिठी मारली. मी वळलो आणि बॅट फिरवली. कापूस उडाला. मग कापसाखाली काहीतरी कडकन मोडलं. आणि मिलर बाबाच्या पोटातून वेंडेलचा आवाज आला, व्हर्नन, अरे मी आहे रे, मी.

नंतर माझ्यावर दहा-बारा जण बसले. त्या ढिगाऱ्यातून एक फट होती. फटीतून आमची रांग दिसत होती. सगळे उभे. लोरेन एकटी बसलेली. तिने वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि उठली.

वेंडेलचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. तो पलीकडच्या खोलीत आहे. नर्स म्हणाली, तो विचारत होता व्हर्ननला फार लागलं का.

३ सप्टेंबर, घरी

पेपर: क्लबने टिब्सला घरी पाठवलं. ऑस्ट्रँडरला वरच्या लीगमध्ये बोलावलं.

लोरेनच्या कपाटात नुसते हँगर आहेत. गाडी नाही. लोणच्याची बरणी उघडून, झाकण नुसतं टेकवून ओट्यावर ठेवलीय. तीन आठवड्यांचं सूप डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. जबडा बांधलेल्या माणसाला काय चालतं याचा विचार करून केलेलं. आणि जेवणाच्या टेबलावर तिची वही. वर माझा चष्मा. जाताना गाडीच्या कप्प्यातून काढून ठेवलेला.

लावला.

आमच्या मैदानावरच्या सामन्यांत टिब्सच्या नावापुढे तिने बॅटरला लागलेल्या प्रत्येक चेंडूची खूण केलीय. तेवीस. मग माझी कात्रणं काढली. तक्त्याखालच्या मुंगीच्या अक्षरांत, अंपायरांच्या नावांच्या आधी, दर वेळी एक ओळ होती: चेंडू लागलेले, कुणाचा, कुणाला. बाहेरगावचे सतरा. एकूण चाळीस. एप्रिलपासून तिथेच होती ती ओळ. मी दर वेळी कात्री नेमकी तिच्याखालून चालवली होती.

आठ वॉक आणि चाळीस हे, अठ्ठेचाळीस. बाहत्तर भागिले अठ्ठेचाळीस. दीड.

ऑस्ट्रँडर दोनच. त्याचा चेंडू वर्षभरात कुणालाही लागलेला नाही.

शेवटचं पान किराण्याची यादी नव्हतं. वर लिहिलंय, हप, व्ह. पिचरसारखा तक्ता आखलाय. मुद्दाम, या रकान्यात शून्य. तो रकाना तिने माझ्यासाठी ठेवला असावा. मी माझी व्याख्या तिला कधी सांगितली नव्हती, पण बावीस वर्षांत तिलाही काही कळलं असेलच. त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, अकरा नावं. क्लेम, अंगठा. टक्कल असलेले गृहस्थ, डोकं. लठ्ठ गृहस्थ, मनगट. ट्रकवाला, कान. वेंडेल, नडगी. वेंडेल, हाड. चार तर मी इथे लिहिलीही नव्हती. पेट्रोलपंपावरची बाई मला आठवेचना. मग आठवली.

आणि त्या अकरांतली एक ओळ जुलैची. मी, डावा कोपर. खाली ऑगस्टच्या तारखेने जोडलंय: अजून पूर्ण वळत नाही.

मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. नाही. बरण्या मीच उघडत होतो.

ओमाहाला फोन लावला. तिच्या बहिणीने उचलला. मला म्हणायचं होतं, लोरेनला दे, मला तिची फार आठवण येते, मी चुकीचं मोजत होतो. जबड्याच्या तारांमधून नुसता घोगरा आवाज निघाला. बहीण म्हणाली, कोण आहे? परत फोन केलात तर पोलिसांना सांगेन. आणि ठेवला.

ही रोजनिशी पहिल्या पानापासून उघडली आणि शून्यं खोडत आलो. जुलैपर्यंत आलो आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. भिंतीवर फेकून मारली. जुलैतली प्लेट जिथे लागायची होती तिथेच.

मग उठून शोधून आणली, टोक काढलं. आजचं लिहायचं राहिलं होतं.

आजची मारामारी: एक. भिंत.